पांढरं राहिलेलं फडकं

तीर्थरूप मामीस,

मनापासून नमस्कार. (वाकून करणार होते, पण सध्या मला वाकता येत नाही. एकदा वाकले की तशीच राहते आणि मग कुणाला तरी बोलावून सरळ व्हावं लागतं. कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत बरी असेल. मामांच्या डोळ्याची पट्टी निघाली, पट्टी निघाल्यावर त्यांना पहिल्यांदा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि ते मागे पडलंय असं त्यांनी डॉक्टरांनाच सुनावलं, हे तुझ्या लेकीकडून कळलं. ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे माणूस पूर्ण बरा झाला. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालत जा, त्यांना डोळा चोळू देऊ नकोस आणि दुसऱ्याही डोळ्याचं याच खेपेला उरकून घेता आलं तर बघ. इकडे आम्ही सगळे ठीक. हवा चांगली आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना तुम्ही आमच्या अंगणात ठेवून गेलात ती गाडीही मजेत आहे.

इथपर्यंतचं पत्र मामांना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. यापुढचं मनात वाच. दोन वर्षं त्यांना पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, विजेचं बिल, सगळं मोठ्याने वाचून दाखवायची तुला सवय लागलीय. मागे तू माझं पत्र तोंडाने वाचत वाचत थेट "मामांचं घोरणं आता कसं आहे?" इथपर्यंत जाऊन थांबली होतीस, म्हणून आधीच सांगते. ओठ मिटून घे. मामांनी विचारलं, काय लिहिलंय, तर सांग की अंगणातल्या झाडाबद्दल लिहिलंय. मधूनच "अरे वा" म्हण. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन आला की तू स्पीकर लावून तो मामांच्या पुढ्यात ठेवतेस, आणि तुला एकटीला बोलायचं असलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बोलतेस. मागच्या आठवड्यातल्या त्या फोनवर मला तुझ्यापेक्षा बादली जास्त ऐकू आली.

तरी मुद्दा कळला होता. मामांनी गाडी विकायची ठरवली. डोळ्यांचं आता काही सांगता येत नाही, आणि घरात दुसरं कुणी चालवणारं नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी रविवारी आमच्याकडे येऊन गाडी बघणार आणि मामांनी त्यांना शब्द दिला की तीस वर्षांत गाडीवर एक ओरखडा नाही. तेव्हा रविवारच्या आत ओरखडे घालव. एवढं बोलून तू थांबलीस. मी विचारलं, आणि गाडी गेली तर? तू म्हणालीस, जाऊ दे ग, लोखंडच आहे. त्यानंतर बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

(मामी, तुला गाडी शिकवायला लागले तेव्हा मी ते फक्त गंमत म्हणून घेतलं होतं, हे खरं. मामांची दृष्टी अंधुक झालेली, ते गुरुवारी पत्ते खेळायला जाणार आणि आपण तेवढ्यात एक चक्कर मारणार. तू आधी स्टिअरिंग असं धरायचीस की जणू ते कुणीतरी परत मागायला येणार आहे. मग एका गुरुवारी तू म्हणालीस, तू उतर, मी एकटी जाते. मी कोपऱ्यावर नखं खात उभी राहिले. कितीतरी वेळाने तू आलीस. मी विचारलं, कुठे गेली होतीस? तू म्हणालीस, कुठे नाही, एकदा वळले, मग आणखी एकदा वळले. आणि इंजिन बंद करूनही तू उतरली नाहीस.  तेव्हा "लोखंडच आहे" हे तू दुसऱ्या कुणाला तरी सांग.)

तर ओरखडे. ते किती आणि कुठे आहेत हे तुझ्यामाझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. उजव्या दारावरचा लांबलचक, तो फाटकाचा. पुढच्या बंपरच्या बाजूला आहेत ते कुंडीचे. मागच्या दारावर बारीक बारीक जाळं आहे ते त्या काटेरी झुडपाचं, ज्याच्याबद्दल तुझं आजही म्हणणं आहे की ते रस्त्यावर आलं होतं. आणि टपावरचं ते चमत्कारिक वर्तुळ, जे कसं पडलं ते मला अजून कळलेलं नाही आणि तू सांगत नाहीस. मामांनी कधी हात फिरवून विचारलंच तर आपलं उत्तर ठरलेलं होतं: मांजर. मांजराने गाडीवर फार धुमाकूळ घातला ग या दोन वर्षांत. मामा रविवारी नुसते गाडीत बसून इंजिन ऐकायचे, आणि एकदा आपण सीट मागे करायला विसरलो, तर त्यांचा गुडघा स्टिअरिंगवर आपटला. तेव्हाही तू मांजरच म्हणालीस. मामा गुडघा चोळत "असेल" म्हणाले होते. मला तेव्हाच वाटलं होतं की मांजराला सीट पुढे ओढता येते हे त्यांनी जरा फारच सहज मान्य केलं.

मी कंबर दुखते असं सांगून ऑफिसातून रजा काढली. (कंबरेने ते ऐकलं असावं. मनावरही घेतलं.) मग गाड्यांच्या रंगापॉलिशच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका आहे. एका वेळी तीन गिऱ्हाइकांशी आणि फोनवर त्याच्या मेव्हण्याशी बोलत होता, त्यामुळे मला मिळालेल्या सल्ल्यात काही भाग मेव्हण्याच्या पाणी गळणाऱ्या छताबद्दलचा असू शकतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, वय काय? मी माझं सांगितलं. त्याला गाडीचं हवं होतं. (दोन्ही आकडे ऐकून त्याने सारखाच चेहरा केला.) मग त्याने माझ्यासमोर तीन बाटल्या मांडल्या. पॉलिशमध्ये म्हणे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते रंगाचा वरचा थर झिजवतात आणि त्याबरोबर ओरखडाही जातो. नव्या गाड्यांना रंगाच्या वर काचेसारखा पारदर्शक थर दिलेला असतो, झिजला तर तो झिजतो. जुन्या गाडीला नुसता रंगच. घासाल तेवढा रंग जाणार आणि गेलेला परत येणार नाही. म्हणून जुनीला पॉलिश अगदी हलक्या हाताने, नुसता मळका थर निघेल एवढंच. मग फिलर. ते ओरखड्यात जाऊन बसतं. ओरखडा जातो कुठेच नाही, नुसता दिसेनासा होतो. आणि त्यावर सीलंट, म्हणजे झाकण.

मी म्हटलं, म्हणजे बरं काहीच होत नाही, नुसतं झाकतं. त्याला जरा लागलं. म्हणाला, बाई, दिसत नाही म्हणजे बरंच झालं की. (हे ऐकून मला आपल्या नात्यातल्या दोन लग्नांची आठवण झाली. तुझ्या नव्हे. तुमच्यात सगळं लख्ख दिसतं.) मी तिन्ही बाटल्या घेतल्या. निघताना तो मागून ओरडून म्हणाला की फिलर तेलकट असतं, त्यावर सीलंट घट्ट धरत नाही, तेव्हा काही दिवस गाडी साबणाने धुवू नका. हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं, लक्षात ठेवलं, आणि घरी जाऊन कुणालाही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी बॉनेट घेतलं. मऊ पांढरं फडकं, त्यावर पॉलिशचा ठिपका, आणि छोटे छोटे गोल. चार गोल फिरवून फडकं उलटं केलं तर ते लालभडक. मामी, मी फडकं तिथेच टाकलं. तुझ्या सांगण्यावरून मी ओरखडे काढायला बसले होते आणि गाडीच काढत होते. मी दुकानदाराला फोन लावला. त्याने शांतपणे सांगितलं की तो रंगच आहे, जुन्या गाडीचा रंग फडक्याला लागतोच, वरचा ऊन खाऊन मेलेला थर निघतोय, घाबरू नका, फक्त जास्त घासू नका आणि कडांना तर हात लावू नका, तिथे रंग अगदी पातळ असतो. मी तोपर्यंत कडेला हात लावलेला होता. डाळीच्या दाण्याएवढा करडा ठिपका उघडा पडला होता, आतल्या थराचा. मग घरातल्या नेलपॉलिशच्या सगळ्या बाटल्या आणून बॉनेटवर ओळीने ठेवल्या आणि जुळणारा रंग शोधला. जुळला. तुझ्या लेकीच्या लग्नात मी लावलं होतं ते. तेव्हा कुणी कौतुक केलं नव्हतं, आता बघा.

पण खाली जो रंग निघाला ना! आपण दोघी त्या गाडीला विटकरी म्हणायचो, मामा ठासून 'मरून' म्हणजे गडद तांबडी म्हणायचे, आणि आपण एकमेकींकडे बघायचो. मामाच बरोबर होते. विटेचा रंग उन्हाचा होता, गाडी आतून मरूनच आहे. मी फडकं हातात धरून त्या ओल्या, गडद तुकड्याकडे बघत बसले. वाटलं, यात इतकी वर्षं ही होती आणि आपण तिला काय काय म्हणत होतो. मग डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि विचार तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दारं. तिसऱ्या दिवशी मागची बाजू. एव्हाना मी तरबेज झाले होते. फडकं फिरवायचं, लाल झालं की बदलायचं. वाळत घातलेली लाल फडकी बघून शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं की सगळं ठीक आहे ना. तर मागचा डावा पत्रा घेतला, चाकाच्या वरचा. फिरवलं, फिरवलं, फडकं उलटं केलं. पांढरं. वाटलं, हातात जोर राहिला नसेल. नवं फडकं घेतलं. पांढरंच. त्याच्या शेजारच्या दारावर एकदा फिरवलं, लाल. परत मागच्या पत्र्यावर, पांढरं. मामी, सबंध गाडी रंग सोडत होती आणि तेवढा एक तुकडा सोडत नव्हता. म्हणजे तेवढ्या तुकड्याच्या रंगावर काच होती. (तो जरा गडद दिसायचा खरा, पण आपण ते सावलीवर ढकलायचो.) म्हणजे तो रंग त्या गाडीचा नव्हताच.

मी घरात गेले आणि फ्रीजवरचं केळ्याच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन आले. दाराला लावलं, चिकटलं. बॉनेटला, टपाला, चिकटलं. मागच्या डाव्या पत्र्याला लावलं तर केळं घरंगळत खाली आलं आणि माझ्या पायाशी पडलं. चार वेळा लावलं, चारही वेळा पडलं. दुकानदाराला पुन्हा फोन. (त्याचा मेव्हणा आता त्याच्याकडेच राहायला आलाय, छत पडलं.) तो अगदी खूश झाला. म्हणाला, लांबी भरलीय हो तिथे. लांबी म्हणजे रंगवाले पत्र्यातल्या खड्ड्यात भरतात ना, तो लगदा. वरून घासून सपाट करायचा आणि रंग मारायचा. बाकी गाडीसारखा साधा रंग मिळाला नसेल, म्हणून नव्या पद्धतीचा मारला. आणि चांगलाच ठोकलाय कुणीतरी, असंही म्हणाला.

मी बादली उलटी करून तिच्यावर बसले. कोणी ठोकला असेल? तू नाहीस, कारण तुझी मागची डावी बाजू कायम सुखरूप असते, तू सगळं उजवीकडून करतेस. मी नाही. गाडी नवी आल्यापासून चालवणारं माणूस एकच. आणि त्या माणसाने तीस वर्षं, दर लग्नाला, दर सहलीला, दर वळणावर काय सांगितलं? माझ्या हातून गाडीला एक ओरखडा नाही. तू जेव्हा जेव्हा म्हणालीस, मला शिकवा ना, तेव्हा उत्तर हेच. चिडून नव्हे हं, मामा चिडत नाहीत. प्रेमाने. अग, गाडीला नजर लागते, तुझी नजर दुकानांच्या पाट्यांवर, बघ माझ्या हातून तीस वर्षांत एक ओरखडा नाही. आणि तू मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसून राहायचीस. मी मागच्या सीटवरून तुझा अंबाडा बघत मोठी झाले, मामी. मला वाटायचं, तुला खिडकीच आवडते.

तो सगळा अंबाडा, ती पिशवी, ती तीस वर्षं, एवढ्याशा लगद्यावर उभी होती. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग परत हसू. मामा एकटेच गुपचूप रंगवाल्याकडे गेले असतील, घाम पुसत उभे राहिले असतील, आणि घरी येऊन आपल्याला गाडीच्या निगेवर भाषण दिलं असेल. त्यांचीही दया आली. इतकी वर्षं त्या पत्र्याकडे पाठ करून उभं राहायचं म्हणजे सोपं नाही.

मी ठरवलं, काही बोलायचं नाही. मी भाची, माझं काम ओरखडे झाकण्याचं. शनिवारी फिलर लावलं, तासाभराने सीलंट. तुझं झुडूप नाहीसं झालं. कुंड्या गेल्या. टपावरचं वर्तुळ गेलं. फाटक खोल असल्यामुळे पूर्ण नाही गेलं, पण मान सरळ ठेवून बघितलं तर दिसत नव्हतं. (तिरकी केली तर दिसत होतं. म्हणून त्या गृहस्थांना मान तिरकी करू द्यायची नाही, असं ठरवलं.) संध्याकाळच्या उन्हात गाडी अशी काही झळकत होती की रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. आणि ते बघताना माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. इतकी सुंदर गाडी बघून कोण नको म्हणेल? मी घासून घासून, कंबर मोडून, तुझी गाडी तुझ्या हातातून काढून द्यायची जय्यत तयारी केली होती. आता काय करणार? मी तिला चांगली दिसू नकोस म्हणून सांगणार होते थोडीच. कंबरेला शेक घेतला आणि झोपले.

आता तुझा लाडका जावई, म्हणजे माझा नवरा. त्याच्याविरुद्ध मी कधी तुझ्याकडे तक्रार करत नाही, कारण तू त्याचीच बाजू घेतेस. रविवारी सकाळी मी अंथरुणात आडवी, आणि हा बायकोला मदत म्हणून लवकर उठला. गाडीवर रात्रभरात थोडी धूळ बसली होती. त्याने बादलीभर पाण्यात भांडी घासायचा साबण ओतला, तो सगळ्यात स्वच्छ करतो म्हणून, आणि गाणं म्हणत म्हणत गाडी आंघोळ घालावी तशी धुतली. मी गाणं ऐकून खिडकीशी आले तेव्हा तो पाईपने फेस काढत होता. फेस खाली येत होता आणि वरून एकेक करत सगळी मंडळी परत येत होती. आधी टपावरचं वर्तुळ. मग फाटक. मग झुडूप, फांदी न् फांदी. कुंड्या. तो अत्यंत समाधानाने मला म्हणाला, बघ, आता कशी खरीखुरी स्वच्छ झाली. बिचाऱ्याला काय बोलणार? खरं तेच बोलत होता.

बाटलीत फिलर अजून होतं, पण फाटकात ते गृहस्थ उभे होते. सांगितलेल्या वेळेच्या चांगले आधी आले. त्यांच्या भुवया फार मोठ्या आहेत आणि ते शब्दांऐवजी भुवयाच वापरतात. हात मागे बांधून त्यांनी गाडीला प्रदक्षिणा सुरू केली. प्रत्येक ओरखड्यापाशी थांबायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, हं. फाटकापाशी हं. कुंड्यांपाशी हं, हं. झुडपापाशी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून, मग हं. मी चहा विचारला, त्यालाही हं. शेवटी ते मागच्या डाव्या बाजूला आले आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, हा भाग मात्र काय सुरेख राखलाय, अगदी नव्यासारखा. मला ठसका लागला. चहा घेतला, मामांच्या डोळ्याची चौकशी केली, आणि त्यांच्याशी बोलतो म्हणून गेले.

बोललेच. दुपारी मामांचा फोन. पलीकडे अगदी शांत होतं. गच्चीत उभा आहे म्हणाले. मामांनी मला आधी कंबरेचं विचारलं, मग हवेचं, मग म्हणाले की त्यांच्या मित्राला ती गाडी नको आहे, कारण ती कुणीतरी सगळीकडे घासून ठेवलीय. आणि मग, मामी, त्यांनी त्यांचा तो आवाज काढला. तो माहीत आहे ना, तो मोठा नसतो, पण आम्ही मुलं लहानपणी त्या आवाजाने पाट सोडून उठायचो. कोण चालवत होतं गाडी?

मी खोटं बोलू शकत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तू मला फक्त झाकायची कामं देतेस. मी म्हटलं, मामा, मी चार दिवस गाडी पॉलिश करत होते. सगळीकडे फडकं लाल झालं. फक्त मागच्या डाव्या बाजूला पांढरंच राहिलं.

पलीकडे गच्चीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.  मग ते म्हणाले, "तो खांब आदल्या दिवशी तिथे नव्हता."

मला हसायचं नव्हतं, खरंच नव्हतं. पण ते इतकं तुझ्या झुडपासारखं होतं! मग सगळं बाहेर आलं. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता, तू माहेरी गेली होतीस, आणि मामा एका मित्राला गाडी दाखवायला गेले. मागे घेताना पाण्याच्या टाकीचा खांब. तू परत आलीस तेव्हा त्यांनी गाडी सर्व्हिसिंगला दिलीय असं सांगितलं होतं. आठवतंय? तू तेव्हा कौतुकाने सगळ्यांना सांगत होतीस की हे किती निगा राखतात. मामा म्हणाले, ती इतकं कौतुक करत होती की मग सांगायचं राहून गेलं. आणि एकदा राहिलं ते राहिलंच.  मग त्यांनी विचारलं, फाटकावर घासलीय ती कुठल्या बाजूने? मी म्हटलं, उजव्या. पुढून मागे की मागून पुढे? मी आठवून सांगितलं, पुढून मागे.

"म्हणजे बाहेर काढताना," मामा म्हणाले. आणि मग, "मागे घेत आत नीट आणते म्हणजे. आत घेणंच अवघड आहे त्या फाटकातून."

त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही, मीही नाही. त्यांनी मला एवढंच सांगितलं की पॉलिश आता पुरे कर, जुना रंग आहे, उरलाय तेवढा राहू दे. आणि मागच्या डाव्या बाजूचं तुझ्या मामीला सांगू नकोस. मी त्यांना शब्द दिलाय. तेव्हा वरची दोन पानं तू वाचलेली नाहीस. वाचली असतीलच, तर सावकाश, एखाद्या चांगल्या दिवशी, त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायची संधी दे. तीस वर्षं थांबलेत, आणखी थोडे थांबतील. पण फार थांबू देऊ नकोस. ते बिचारे गच्चीत उभं राहून बोलत होते, आणि तू बाथरूममध्ये. तुमच्या लेकीच्या घराला अजून एखादी खोली असती तर बरं झालं असतं.

मामांना नमस्कार. तुझ्या लेकीला, जावयाला आशीर्वाद. उरलेलं फिलर मी फेकलेलं नाही. माझ्या नवऱ्याने ते जेवणाच्या टेबलावर लावून बघितलं. टेबल सुंदर दिसतं, पण आता त्याला धुवू नका म्हणून सगळ्यांना सांगावं लागतं.

तुझीच,
भाची

ता. क. : खरं तर पत्र यासाठीच लिहायला बसले होते आणि भलतीकडेच वाहवत गेले. तुम्ही परत याल तेव्हा स्टेशनवर गाडी घेऊन यायचं मी कबूल केलंय. गाडी आणेन, रिकाम्या रस्त्याने, सकाळच्या वेळी, कशीबशी. पण कंबर अशी आहे की परतीच्या गर्दीत मला मागे वळून बघता यायचं नाही, आणि माझा नवरा त्या दिवशी गावात नाही. मामांना डॉक्टरांनी मना केलंय. तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत गाडी तू चालवायची. मामा शेजारी बसतील. पिशवी त्यांच्या मांडीवर दे. माझी कंबर खरंच दुखते आहे, हे मी शपथेवर सांगते. ती तोपर्यंत बरी होईल अशी शक्यता डॉक्टरांनी वर्तवली होती, पण मी ती मानायची नाही असं ठरवलंय.

ता. क. : हा शेवटचा मात्र मामांना मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे निरोप पोचला हे त्यांना कळेल. पत्र पाकिटात घालते आहे एवढ्यात त्यांचा पुन्हा फोन आला होता. ते म्हणाले, स्टेशनवर गाडी आणशील तेव्हा सीट पुढेच ओढून ठेव, आणि त्या मांजराला सांग, आता दर वेळी मागे करत बसू नकोस.